एका ध्वनिमुद्रिकेचे पूर्वजत्व : चरणजित सिंग यांचे यंत्रसंगीत

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरात संगीत ऐकण्याच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत आलेल्या आहेत. एक बैठकीची. कल्याण गायन समाजासारख्या संस्थांनी तिचे संगोपन केले, आणि रागाचा समय, त्याचे चलन, वादी-संवादी यांविषयीची जाण तिच्याद्वारे श्रोत्यांच्या अंगी मुरली. दुसरी परंपरा मिरवणुकीची व आगरी-कोळी हळदीची. बेंजो, ताशा, की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड यांच्या मेळाची. पहिलीला यंत्राचे वावडे आहे आणि दुसरीला रागाशी कर्तव्य नाही, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. या दोन्ही गृहीतांची कसोटी पाहणारी एक कृती याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत, १९८२ साली निर्माण झाली. ती म्हणजे चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका होय. तिच्याविषयी गेल्या दीड दशकात पाश्चात्त्य देशांत पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्यातील बहुतेक लेखन एकाच प्रश्नाभोवती फिरते, आणि तो प्रश्न मुळातच चुकीचा मांडला गेला आहे.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातील वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी गिटार, बेस गिटार आणि कळफलकाची विद्युत् वाद्ये वाजविली. या वर्गातील वादकांचे नाव त्या काळी क्वचितच कोठे छापले जाई. चित्रपटगीतांच्या केवळ वाद्यांवर वाजविलेल्या आवृत्त्याही त्यांनी ध्वनिमुद्रिकांवर काढल्या. अशा मुद्रिकांना तेव्हा बाजार होता. म्हणजे रागसंगीताच्या एखाद्या घराण्याची तालीम किंवा प्रयोगशील कलावंताचा जाहीरनामा यांपैकी काहीही त्यांच्या मागे नव्हते. होती ती धंद्यातील हातोटी, आणि नवे वाद्य दिसले की ते घरी आणून उलगडून पाहण्याची हौस. त्यांना ‘विक्षिप्त प्रतिभावंत’ ठरविण्याचा मोह परदेशी लेखकांना आवरलेला नाही. वस्तुतः या मुद्रिकेत जे विक्षिप्त आहे ते कृतीत आहे, कर्त्याच्या स्वभावात ते शोधावयाचे कारण नाही.

सिंगापूर येथे त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे मिळविली. टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जातील स्वरांचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा बहुस्वरी सिंथेसायझर. तिन्ही यंत्रे त्या वेळी नवी कोरी होती. मुंबईत तो काळ डिस्कोचा होता. ‘कुर्बानी’ १९८० साली आला, नाझिया हसन यांची ‘डिस्को दीवाने’ १९८१ साली, आणि ‘डिस्को डान्सर’ १९८२ साली. या लाटेवर एक मुद्रिका काढावी, फक्त चित्रपटगीतांऐवजी राग घ्यावेत, एवढीच मूळ कल्पना दिसते. ग्रामोफोन कंपनीने ती प्रसिद्ध केली. ती विकली गेली नाही, आणि विस्मृतीत गेली.

पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत भारतात सापडली, आणि २०१० साली त्याने ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या नाममुद्रेखाली ती पुन्हा प्रसिद्ध केली. ऐकणारे चकित झाले. कारण अमेरिकेतील शिकागो शहरात १९८७ साली ‘फ्यूचर’ या संघाच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ या मुद्रिकेपासून ज्या ‘ॲसिड हाउस’ संगीताचा आरंभ मानतात, त्याचा तो विशिष्ट चिरकणारा, वळवळणारा खर्ज येथे पाच वर्षे आधीच ऐकू येत होता. ही एखाद्या आधुनिक खोडकराने केलेली बनावट असावी, असाही संशय काहींनी घेतला. तो फिटल्यावर चरणजित सिंग हे ‘ॲसिड हाउसचे जनक’ ठरले. उतारवयात युरोपातील व्यासपीठांवर त्यांनी हे राग पुन्हा वाजविले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

‘जनक’ हा शब्द येथे तपासून घेतला पाहिजे. ऐतिहासिक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते की साम्य म्हणजे नाते नव्हे. फार्सी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा, अर्थही एकच. तरीही दोहोंचा एकमेकांशी व्युत्पत्तीचा काडीमात्र संबंध नाही. मराठीतील ‘बदनाम’ आणि ‘बदसूर’ या शब्दांतला ‘बद’ आला तो फार्सीच्या घरातून, इंग्रजीच्या नव्हे. वंशवृक्ष मांडावयाचा तर संक्रमणाचा पुरावा लागतो. शिकागोतील त्या तरुणांनी मुंबईची न खपलेली मुद्रिका ऐकली होती, असे दाखविणारा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. तेव्हा १९८२ हे साल १९८७ च्या आधी येते, एवढ्यावरून पितृत्व सिद्ध होत नाही.

परंतु येथील साम्य ‘बद’ आणि ‘बॅड’ यांच्यासारखे निव्वळ योगायोगाचेही नाही. त्याची जात तिसरी आहे. जगातील परस्परांशी असंबद्ध भाषांत आईबापांसाठी ‘मामा’, ‘पापा’ यांसारखे शब्द का आढळतात, याची मीमांसा रोमान याकोबसन यांनी केली. त्या शब्दांना समान पूर्वज नाही. तान्ह्या मुलाच्या मुखाची घडण आणि स्तनपानाची क्रिया ही मात्र सर्वत्र सारखीच. मुख एक, म्हणून उच्चार एक. मुंबई आणि शिकागो यांच्या बाबतीत हे मुख म्हणजे टीबी-३०३ हे यंत्र होय. गिटारवादकाला सरावासाठी बेसची साथ मिळावी, या हेतूने ते बनविले गेले. साथीदार म्हणून ते कोणाच्याच पसंतीस उतरले नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. ते पदोपदी एक स्वर ठेवून सोळा पदांची आवृत्ती घडविते, प्रत्येक पदाला आघात किंवा घसरण जोडता येते, आणि वरच्या कळा फिरवून नादाचा रंग पसरविता वा आवळता येतो. या यंत्राच्या ओठांतून त्याच जातीचा उच्चार बाहेर पडणार. शिकागोत ते जुन्या बाजारात स्वस्त मिळाले म्हणून वापरले गेले, मुंबईत ते नवे म्हणून. दोन्हीकडे यंत्र बोलले ते आपल्याच व्याकरणाने.

मग चरणजित सिंगांचे स्वतःचे असे काय उरते? ते शिकागोच्या वंशावळीत सापडणार नाही. ते रागाशी झालेल्या यंत्राच्या व्यवहारात सापडेल, आणि परीक्षण व्हावयास हवे ते त्याचे.

मुद्रिकेत भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग आहेत. दहा हा आकडा भातखंडे यांच्या दहा थाटांची आठवण देतो. परंतु निवड थाटवार नाही. बिलावल, पूर्वी व आसावरी हे थाट अजिबात नाहीत, उलट भैरव आणि बैरागी हे एकाच थाटात बसविले जाणारे दोन राग आहेत. डोळ्यांत भरते ती वेगळीच गोष्ट. दहांपैकी किमान चार, म्हणजे भूपाळी, कलावती, मालकंस व बैरागी, हे औडव राग आहेत. ही निवड हेतुपुरस्सर असो वा नसो, ती यंत्राच्या सोयीची आहे. पाच स्वरांच्या रागात स्वरांमधील अंतरेच एवढी बोलकी असतात की समविभागी सप्तकात, श्रुतींचा बारकावा नसताही, रागाची ओळख पटते. सोळा पदांच्या आवृत्तीत मालकंसाचे गंधार, मध्यम, धैवत आणि निषाद फिरत राहिले की बैठकीचा श्रोता क्षणात राग ओळखतो. ललितही तगतो, दोन मध्यम लागोपाठ आले की दुसऱ्या कोणत्याही रागाची शंका राहत नाही.

भैरव आणि तोडी यांची गोष्ट निराळी. भैरवाचे सारे गांभीर्य आंदोलित ऋषभ-धैवतात साठविलेले आहे, आणि तोडीचा गंधार नेहमीच्या कोमलाच्याही खाली उतरतो. टीबी-३०३ ला हे दोन्ही उच्चार अशक्य. त्याच्या जवळ घसरण आहे, आणि परदेशी टीकाकार तिला मींड समजून आनंदित झाले आहेत. हे समीकरण घाईचे आहे. त्या यंत्रातील घसरणीचा काल ठरलेला असतो; अंतर एका स्वराचे असो वा सप्तकाचे, ती तेवढ्याच अवधीत पार पडते. मींडेचा अर्थ तर तिला लागणाऱ्या वेळातच असतो. गायक वाटेत कोठे रेंगाळतो, कोणत्या स्वराला निसटता स्पर्श करतो, यावर तो राग आहे की दुसराच हे ठरते. तेव्हा यंत्राची घसरण ही मींड नव्हे. ती मींडेची लिपी आहे, आणि लिपीत सर्व ऱ्हस्व-दीर्घ उतरत नाहीत, हे मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको.

ही उणीव वादकाला ठाऊक होती, असे मुद्रिकेच्या रचनेवरूनच दिसते. रागाचा विस्तार त्याने खर्जयंत्रावर सोपविलेला नाही. तो ज्युपिटर-८ वर हाताने वाजविलेला आहे. तेथे स्वर ओढता येतो, वाकविता येतो. टीबी-३०३ कडे दिलेले काम तंबोऱ्याच्या जागेचे आहे: सतत चालू राहणे, आणि वरचा आवाज कोठेही गेला तरी जमीन न सोडणे. फरक इतकाच की तंबोरा स्थिर असतो आणि ही जमीन चालती आहे. आधाराला गती देण्याची ही कल्पना मुद्रिकेतील सर्वांत मौलिक गोष्ट होय, आणि ती शिकागोच्या संगीतात नाही. तेथे खर्ज हाच नायक असतो आणि वर कोणी गात नसते. म्हणजे ज्या बाबतीत चरणजित सिंग खरोखर एकटे आहेत, नेमक्या त्याच बाबतीत ‘जनक’ ही पदवी त्यांना झाकून टाकते.

तालाच्या बाबतीत मात्र मुद्रिका पांगळी आहे. यंत्राची पदे सोळा आणि त्रितालाच्या मात्राही सोळा, हा योग कोणाच्याही मनात आशा उत्पन्न करील. पण त्रिताल हा सोळा आकडे मोजण्याचा व्यवहार नव्हे. नवव्या मात्रेला खाली येते आणि तिच्यामुळे समेला वजन प्राप्त होते. टीआर-८०८ प्रत्येक ठोक्यावर सारखाच धक्का देते. जेथे प्रत्येक ठोका सम आहे तेथे सम कोठेच नाही. वरचा आवाज द्रुत तानांच्या वळणाने जातो, पण त्या तानांना येऊन पोहोचण्यासाठी मुक्काम नाही, म्हणून दहाव्या रागापर्यंत कान थकतो. प्रत्येक राग सुमारे पाच मिनिटांचा आहे, हा दोष मानता येत नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या मुद्रिका त्याहून आखूड असून त्यांत राग पूर्णपणे उभा राहतो. त्यांनी काळ आटोपता घेतला तरी खाली-भरीचा श्वास सोडला नाही. पहाटेचा ललित आणि रात्रीचा मालकंस एकाच धक्क्यावर बसविण्याचा परिणामही हाच: समयाचा भेद स्वरांत उरतो, चालीत नाहीसा होतो.

ही कृती एका अर्थी उपरोधाचीही आहे, जरी तो उपरोध कर्त्याला अभिप्रेत नसावा. ज्याचे आयुष्य मोठ्या वाद्यवृंदांत वाजविण्यात गेले त्याने एकही सहवादक न लागणारे संगीत सिद्ध केले. पुढल्या दोन दशकांत चित्रपटसृष्टीत सिंथेसायझर आणि संगणक यांनी नेमके हेच केले. व्हायोलिनवादकांच्या रांगा ध्वनिमुद्रणगृहांतून हळूहळू दिसेनाशा झाल्या. ‘स्वतंत्र कलावंत’ हा शब्द चरणजित सिंगांना लावताना हे स्वातंत्र्य कोणापासूनचे होते, याचाही विचार व्हावा.

शेवटी ठाणे-डोंबिवलीकडे परत यावयाचे ते एका कारणाने. जपानी वाद्यांनी या परिसरात यापूर्वीही घर केलेले आहे. १९१२ साली नागोया येथे निघालेले ‘तायशोगोतो’ हे कळा दाबून तारा छेडण्याचे वाद्य भारतात आले, ‘बुलबुलतरंग’ झाले, आणि येथील मेळांत विजेची जोड मिळून ‘बेंजो’ झाले. हे नाव तर भलत्याच अमेरिकन वाद्याचे, तेही मराठी जिभेने वळविलेले. वस्तू एकीकडची, संज्ञा दुसरीकडची, आणि आज बेंजोपथक म्हटले की कोणालाही त्यात परके काही वाटत नाही. व्याकरणाच्या परिभाषेत हा पक्का तद्भव. १९८५ साली निघालेला रोलँडचा ऑक्टोपॅड त्याच वाटेवर आहे. मूळ नावातील ‘ऑक्टा’चा ‘ऑक्टो’ झाला, आणि त्याच्या आठ गाद्यांवर हलगी, ताशा व ढोलकी यांचे बोल येऊन बसले. ही दोन्ही वाद्ये शेकडो हातांतून गेली म्हणून रुळली. कल्याणच्या एखाद्या हळदीत ऑक्टोपॅड वाजविणारा मुलगा सोळा समान ठोके वाजवीत नाही. तो ठोका किंचित मागे ओढतो, एखादा गाळतो, आणि नाचणाऱ्यांच्या पायांसाठी जागा मोकळी ठेवतो. तालयंत्राला जी खाली मुंबईच्या त्या मुद्रिकेत सापडली नाही, ती येथे कोणी न शिकविता आलेली आहे.

टीबी-३०३ च्या वाट्याला असे हात आले नाहीत. येथे ते एका वादकाच्या एका मुद्रिकेपुरते उच्चारले गेले. प्राचीन ग्रंथांत एखादा शब्द एकदाच आढळतो आणि पुन्हा कोठेही येत नाही. अशा शब्दाचा अर्थ लावताना कोशकार परकीय भाषेतील सारख्या दिसणाऱ्या शब्दाकडे आधी धाव घेत नाही, तो शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य वाचतो. या मुद्रिकेचे वाक्य बैठकीचा राग, चित्रपटाचा वाद्यवृंद आणि १९८२ चा डिस्को यांनी बनलेले आहे. ते वाक्य ज्यांना मुळातून वाचता येते असे श्रोते ठाणे-कल्याणच्या बैठकींत आजही आहेत. आणि भैरवातील ऋषभाबद्दल त्यांचे म्हणणे अद्याप कोणी नोंदवून घेतलेले नाही.