जागा दाखवतात, साक्ष गाळतात

उदगीरचा किल्ला दाखवताना १७६० ची लढाई सांगितली जाते. १७ सप्टेंबरच्या व्याख्यानांत रझाकार आणि पोलिस कारवाई. मी ऐकलेल्या बहुतेक कथनांत बाई येते ती केवळ अत्याचार सोसणारी म्हणून. अलीकडे तिला ‘वीरांगना’ म्हणून सामील करतात. माझ्या मते हा बदल वरवरचा आहे. कथनाची चौकट तीच राहते.

जागेला साक्षीची जोड नसली की तिचे देवस्थान होते. पंढरपूरजवळ गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून जाते दाखवतात. भाविक हात जोडून पुढे सरकतात. गंगाखेडची ही मुलगी नामदेवांच्या घरी दासी होती, दळताना तिची कविता घडली. पण दासीपण आणि कविता यांचा संबंध तिथे कुणी उलगडत नाही. कष्ट पूजेत विरून जातात.

उलट वाट पुस्तकांनी दाखवली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया स्वतः बोलतात. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातल्या स्त्रियांच्या मुलाखती १९८६ मध्ये तेलुगूत छापल्या. त्या स्त्रिया लढ्याचा अभिमान सांगतात आणि लढा संपल्यावर घरी परत पाठवल्याची खंतही. गौरवकथेला न पेलणारे हे दुसरे वाक्यच मला मोलाचे वाटते.

आपल्याकडे अशी वाक्ये ऐकायची तर आणखी एक दार उघडावे लागेल. सुंदरलाल समितीने पोलिस कारवाईनंतरच्या हिंसेची सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड जिल्ह्यांना बसल्याचे नोंदवले. उदगीर-देवणीचा हा पट्टा तेव्हा बीदर जिल्ह्यातच होता. तो अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. रझाकारांच्या भीतीने गाव सोडलेली बाई आणि सप्टेंबरनंतर विधवा झालेली मुसलमान बाई, दोघींचे १९४८ एकच आहे. एकीला सभेत मानाची जागा आणि दुसरीबद्दल मौन, याला स्त्रियांचा इतिहास म्हणता येणार नाही.

म्हणून सहल आखणाऱ्यांना माझे सांगणे साधे आहे. किल्ल्याआधी गावातली विहीर, जाते, पळून जायची वाट दाखवा. तिथे एका बाईचे म्हणणे तिच्याच शब्दांत वाचा. ती परवानगी देईल तेवढेच. सांगणारी कोण, कोणत्या वस्तीतली, हेही सांगा. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीला टेकली आहे. तिच्याकडे जायला पुढच्या सप्टेंबरची वाट पाहू नये.