प्रवासवर्णनातील हरवलेला ‘आम्ही’

दिल्लीहून जयपूरकडे जाताना लागणारे मानेसर हे कारखान्यांचे गाव. वाङ्मयविचाराला तेथून चालना मिळावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु १ फेब्रुवारी २०२० रोजी चीनमधील वुहान शहरातून ३२४ भारतीय विमानाने दिल्लीस आले. त्यांत २११ विद्यार्थी होते, आणि पुष्कळांना मानेसर येथील लष्करी छावणीत वेगळे ठेवण्यात आले. मुखपट्ट्या बांधलेली ही मुले छावणीत मिळून नाचली; ते चित्रण देशभर पाहिले गेले. साथीच्या तोंडातून आलेली मुले नाचतात कशी, याचे अनेकांना नवल वाटले. ती एकेकटी आली नव्हती, हेच त्याचे उत्तर होय.

परदेशी शिकणाऱ्या मुलांचा असा मेळा मराठी साहित्यात कोठे भेटतो?

आपले प्रवासवर्णन दरिद्री नाही. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथील लोकस्थितीवर त्यांनी १८८९ साली ग्रंथ लिहिला. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ने या प्रकाराला ललित रूप दिले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने त्यास घरोघरी नेले. वास्तविक पु. ल. लंडनला गेले ते प्रशिक्षणार्थी म्हणून. तथापि वाचकांच्या स्मरणात राहिले आहे ते त्या दांपत्याचे मिस्कील सहजीवन. तेथील ‘आम्ही’ दोघांचा आहे, सहाध्यायांचा नव्हे.

आनंदीबाईंचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८८५ साली फिलाडेल्फियात काढलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात त्यांच्यासमवेत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या दोघी विद्यार्थिनी आहेत. आपापल्या देशाच्या वेषातील या तिघी एकाच महाविद्यालयात वैद्यक शिकत होत्या. या मैत्रीतून एक स्वतंत्र कादंबरी होऊ शकली असती. पण श्री. ज. जोशी यांची १९६८ ची गाजलेली कादंबरी शीर्षकापासूनच ‘आनंदी गोपाळ’ आहे. तिचा विषय पतिपत्नी हा आहे, आणि तो लेखकाचा अधिकारच. खंत एवढीच, की दुसरी कादंबरी कोणी लिहिली नाही.

याला अपवाद म्हणून सावरकरांच्या ‘शत्रूच्या शिबिरात’कडे बोट दाखविता येईल. लंडनच्या इंडिया हाऊसमधील तरुणांचा गट तेथे आहे. मात्र त्या गटाला बांधणारे सूत्र राजकीय कार्याचे आहे. केवळ परक्या गावी एकत्र राहण्यातून जुळणारे नाते हा त्याचा विषय नव्हे.

विद्यार्थी लिहीत नाहीत, परीक्षेतच गुंतलेले असतात, असे कोणी म्हणेल. ते खरे मानले तरी दोष केवळ त्यांचा नाही. प्रेक्षणीय स्थळे पाहणाऱ्या ‘मी’लाच आपण प्रवासी मानले. खोलीचे भाडे वाटून घेणारा, आळीपाळीने स्वयंपाक करणारा, पैशांवरून भांडणारा आणि आजारपणात उशाशी बसणारा ‘आम्ही’ आपल्या समीक्षेला वाङ्मयीन वाटला नाही. मग त्याने लेखणी का उचलावी?

आज मराठी घरांतील मुले शिक्षणासाठी देशोदेशी जात आहेत. त्यांचे हे दिवस मराठीत उतरले नाहीत, तर त्यांची नोंद फक्त संकटकाळच्या बातम्यांत राहील. मानेसरच्या मुलांचा नाच आपण पाहिला; त्यामागची मैत्री मात्र अद्याप वाचावयाची आहे.