वकिलाचा पुरावा आणि बापाची खात्री : 'मिसिंग'चे एक वाचन

कोस्टा-गाव्रास यांचा 'मिसिंग' (१९८२) हा चित्रपट बहुधा राजकीय थरारपट म्हणूनच चर्चिला जातो. कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक ('योल' या तुर्की चित्रपटासोबत विभागून) आणि रूपांतरित पटकथेचे ऑस्कर मिळविणाऱ्या या कलाकृतीच्या मुळाशी मात्र न्यूयॉर्कमध्ये वकिली केलेल्या थॉमस हाउजर यांचे पुस्तक (१९७८) आहे. वकिलाने जुळविलेला पुरावा पडद्यावर आला की त्याचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्कराने आयेंदे यांचे सरकार उलथविले. त्यानंतर सहाच दिवसांनी चार्ल्स हॉरमन या तरुण अमेरिकन पत्रकारास सान्तियागोतील राहत्या घरातून उचलून नेण्यात आले. उठावाच्या वेळी तो व्हिन्या देल मार येथे होता व तेथील अमेरिकन लष्करी माणसांशी त्याची गाठ पडली होती. ऑक्टोबरच्या प्रारंभी त्याचे वडील एडमंड हॉरमन मुलाच्या शोधार्थ सान्तियागोस पोहोचले.

चित्रपटातील एड (जॅक लेमन) हा उद्योजक आहे आणि त्याचा शोधही व्यवहारी माणसाचा आहे. आपण कर भरतो, कायदा पाळतो, तेव्हा अडचणीच्या वेळी सरकारने आपल्या कामी यावे, असा जणू करारच त्याच्या मनात पक्का आहे. दूतावासातील आदबशीर माणसे हा करार दररोज थोडा थोडा मोडत जातात. प्रारंभी सुनेला दोष देणारा हा सासरा अखेरीस तिच्याच बाजूस येऊन उभा राहतो. हा बदल लेमन यांनी भाषणांतून नव्हे, तर खांदे उतरत जाण्यातून दाखविला आहे. शेवटी दावा लावण्याच्या गोष्टीस अधिकारी 'मुभा' समजतो आणि एड तिला 'हक्क' म्हणतो. चित्रपटाचे सारे मर्म या एका शब्दबदलात आहे, असे मला वाटते.

स्टेडियममध्ये ध्वनिक्षेपकावरून मुलास हाका मारणारा बाप विसरता येत नाही. परंतु त्याच्यासमोर बसलेले शेकडो चिलीवासी कैदी त्या दृश्याची केवळ पार्श्वभूमी ठरतात. पिनोचेत राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली. चित्रपटास चेहरा दिसतो तो अमेरिकन बापाचा, आणि ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. आणीबाणीत केरळमध्ये पुत्र गमावलेल्या ईच्चर वारियर यांची न्यायालयीन झुंज ज्यांना ठाऊक आहे, अशा भारतीय वाचकास ती अधिकच जाणवेल.

खरा प्रश्न पुराव्याचा आहे. चार्ल्सला 'नाहीसे' करण्याचा निर्णय झाला तेव्हा तेथे एक अमेरिकनही हजर होता, असे राफाएल गोन्झालेस या चिलीच्या गुप्तचराने १९७६ मध्ये सांगितले. एड त्याआधीच, १९७३ मध्ये, मायदेशी परतले होते. पुस्तकात ही साक्ष इतर कागदपत्रांसोबत येते आणि वाचक ती पारखू शकतो. चित्रपटाने मात्र 'पारिस' या पात्राच्या तोंडी ती घालून एडच्या शोधातच ओवली आहे. त्यामुळे कथेस वेग आला, पण संशयाची जागा खात्रीने घेतली. माजी राजदूत नॅथॅनिएल डेव्हिस यांनी १९८३ मध्ये दिग्दर्शक व निर्मात्यांवर बदनामीचा दावा लावला तो याच खात्रीमुळे. १९८७ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला.

पुढे १९९९ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे १९७६ मधील एक टिपण खुले झाले. चार्ल्सच्या मृत्यूत अमेरिकन गुप्तचरांचा काही वाटा असावा, असे त्यात खात्याच्याच अधिकाऱ्यांनी नोंदविले होते. म्हणजे पडद्यावरची खात्री अगदीच निराधार नव्हती. परंतु २०१५ मध्ये चिलीच्या न्यायालयाने लष्करी अधिकारी पेद्रो एस्पिनोसा यांच्यासह ज्यास या हत्येत दोषी ठरविले, तो दुसरा इसम म्हणजे साक्षीदार गोन्झालेसच होता. पुस्तकाचा वाचक या माहितीनंतर मागील पाने पुन्हा चाळून त्या साक्षीचे वजन नव्याने ठरवू शकतो. प्रेक्षकासमोर मात्र पारिस आजही केवळ साक्षीदार म्हणूनच बोलतो.