हाक, वेणी आणि शाळेचा दाखला : क्वीअर कुटुंबांच्या कथनांतील संगोपन

१

महाराष्ट्राबाहेरील विद्यार्थ्यांना मराठी कथात्म साहित्य शिकवताना एक अडचण हमखास येते. जुन्या एकत्र कुटुंबाच्या चित्रणात मूल जन्मदात्या आईला 'वहिनी' किंवा 'काकू' म्हणते आणि वडिलांना 'अण्णा', 'दादा' किंवा 'भाऊ'. 'श्यामची आई' (१९३५) मधील श्यामचे वडीलही त्याला 'भाऊ'च असतात. नात्यांचा तक्ता समोर ठेवून वाचणारा विद्यार्थी अशा ठिकाणी गोंधळतो. खुलासा तसा साधा आहे. दीर-नणंदा जिला वहिनी म्हणत, तिची मुलेही ऐकून ऐकून तिला वहिनीच म्हणू लागत. कोणाला काय म्हणायचे हे रक्ताच्या नात्यापेक्षा घरातल्या वापरावरून ठरे, आणि त्यामुळे कोणाचे आईपण उणे होत नसे.

मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेली ही गोष्ट क्वीअर कुटुंबांच्या कथनांकडे पाहताना फार उपयोगी पडते, असे मला वाटते. 'क्वीअर कुटुंब' ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे. लिंगभाव किंवा लैंगिकता यांमुळे विवाहसंस्थेच्या चौकटीबाहेर राहिलेल्या, परंतु एकत्र राहून मुले वाढवणाऱ्या माणसांचे घर, एवढाच तिचा अर्थ. अशा घरांविषयीच्या चर्चेत 'हे खरे कुटुंब आहे काय' हा प्रश्न अग्रभागी येतो आणि त्याचे उत्तर बहुधा व्याख्येत शोधले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, साहित्यकृती हे उत्तर व्याख्येत देत नाहीत. त्या ते दिनक्रमात देतात. मुलाने कोणाला काय हाक मारली, त्याची वेणी कोणी घातली, शाळेच्या कागदावर कोणाचे नाव लागले, अशा किरकोळ भासणाऱ्या तपशिलांत कुटुंबाची खरी संहिता लिहिलेली असते. समीक्षेने मात्र हे तपशील 'वातावरणनिर्मिती' म्हणून बाजूला सारले आहेत.

२

हे दुर्लक्ष अकारण झालेले नाही. क्वीअर अनुभवाच्या मराठी आविष्कारात घर हे प्रामुख्याने सोसण्याचे किंवा सोडण्याचे ठिकाण राहिले आहे. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकातील सुमित्राच्या वाट्याला एकटेपण आणि अखेर आत्मनाश येतो. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) मध्ये एका मध्यमवर्गीय घरातील भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरू तरुणाच्या प्रेमात पडतात आणि घराची सुरक्षित भासणारी भिंत दोघांनाही परकी होते. या कृतींचे महत्त्व वादातीत आहे. परंतु त्यांत पुढची पिढी नाही. क्वीअर व्यक्ती येथे कोणाची तरी मुलगी, मुलगा किंवा भावंड असते. ती कोणाची आई, मावशी किंवा आजी असू शकते, ही शक्यता कल्पनेच्या कक्षेतच येत नाही.

आत्मकथनांत परिस्थिती थोडी वेगळी दिसते. ए. रेवती यांचे तमिळमधून व्ही. गीता यांनी इंग्रजीत आणलेले आत्मकथन २०१० साली आले. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेले पुस्तक २०१२ साली. दोन्हींमध्ये जन्माचे घर आणि हिजडा समाजातील गुरूचे घर अशी दोन घरे आहेत, आणि निवेदिका या दोन घरांमध्ये ये-जा करीत राहतात. लक्ष्मी यांचे पुस्तक तर जन्मघराशी नाते न तोडता गुरू करण्याची कहाणी आहे. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गुरू–चेला हे नाते आई–मुलाच्या नात्याचे सरळ रूपांतर नव्हे. गायत्री रेड्डी यांनी हैदराबादच्या हिजड्यांविषयीच्या २००५ सालच्या अभ्यासात दाखवले आहे की, गुरू–चेल्यांच्या परंपरेखेरीज 'माँ' आणि 'बेटी' यांचे स्वतंत्र नातेही तेथे जोडले जाते. पहिल्या नात्यात शिस्त, हक्क, दंड आणि वारसा यांचा व्यवहार असतो, तर दुसरे नाते मायेचे मानले जाते. म्हणजे ज्या समाजाला बाहेरची नजर 'नातेविहीन' समजते, त्याच्या भाषेत नात्यांचा विवेक आपल्यापेक्षा बारीक आहे.

तरीही या आत्मकथनांत संगोपनाचा दिनक्रम कडेलाच राहतो. वाचकाला घर सोडण्याची रात्र, शस्त्रक्रिया आणि पोलिसांचा मार यांविषयी ऐकायचे असते, आणि निवेदनही त्या अपेक्षेला ओ देते. जखम सांगितल्याखेरीज ज्याचे ऐकून घेतले जात नाही, त्याला भाजी निवडल्याचे सांगण्याची उसंत कुठली? या कडेच्या जागा वाचणे हे तौलनिक अभ्यासकाचे काम आहे.

३

अरुंधती रॉय यांची 'द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपिनेस' (२०१७) ही कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. तिच्यातील राजकीय विस्ताराची चर्चा पुष्कळ झाली. परंतु तिच्या पोटात दोन मुलांच्या संगोपनाची एक सलग कथा आहे, आणि त्या दोन संगोपनांमधील फरक हा मला कादंबरीचा कणा वाटतो.

पहिले मूल जैनब. जामा मशिदीच्या पायऱ्यांवर रडत असलेली ही पोर अंजुमला सापडते आणि जुन्या दिल्लीतील 'ख्वाबगाह' या हिजड्यांच्या घरी येते. आल्याबरोबर घराचा शब्दकोश बदलतो. अंजुम 'मम्मी' होते, इतर जणी 'आपा' होतात, उस्ताद कुलसूम बी आणि बिस्मिल्ला या वृद्धा मोठी व धाकटी 'नानी' होतात. एका मुलाच्या येण्याने साऱ्या घराला पदे मिळतात. वर उल्लेखिलेल्या मराठी घरात मूल आधीच रुळलेली हाक उचलते. येथे मुलासाठी हाक नव्याने घडवली जाते. तत्त्व मात्र एकच. हाकेमागे जन्मदाखला नसतो, रोजचा वावर असतो.

जन्मदाखला लागतो तो शाळेत. जैनबला शाळेत घालताना अधिकृत पालक म्हणून अंजुमच्या परिचयातील एका विवाहित जोडप्याची नावे पुढे करावी लागतात. निवेदनात हा तपशील ओझरता, काहीसा विनोदाने येतो. पण तो वाचताना थांबावे. घरात जी 'मम्मी' आहे ती शाळेच्या वहीत कोणीच नाही, आणि वहीत जे पालक आहेत त्यांनी त्या पोरीला कधी झोपवलेले नाही. हाक आणि दाखला यांच्यातील हे अंतर म्हणजेच क्वीअर कुटुंबाची सामाजिक स्थिती होय.

रॉय यांचे श्रेय असे की, त्या हे घर गोड करून दाखवीत नाहीत. अंजुमला जैनब केवळ 'आपली' हवी आहे. जैनब वारंवार आजारी पडते तेव्हा तिचा संशय घरातीलच सईदावर जातो, करणीच्या कल्पनेने ती व्याकूळ होते. अजमेरच्या ज्या यात्रेहून ती पुढे अहमदाबादेला जाते आणि २००२ च्या हिंसाचारात सापडते, त्या यात्रेच्या मुळाशी ही मत्सरी माया आहे. ती परतते तेव्हा जैनब सईदाकडे ओढली गेलेली असते. मग अंजुम पोरीचे केस कापून घेते, तिला मुलाचे कपडे घालते, गायत्री मंत्र पाठ करायला लावते. गुजरातेत जे पाहिले ते दिल्लीत आले तर पोर वाचावी म्हणून. हे संगोपनच आहे, पण भयाने विकृत झालेले. जिने स्वतःचा देह समाजाने नेमून दिलेल्या लिंगाच्या विरोधात घडवला, ती आता लेकीवर दुसऱ्या लिंगाचा वेश लादते. ख्वाबगाह याला मान्यता देत नाही. एकत्र घराचे बळ येथे दिसते : एका पालकाच्या भीतीला आवर घालायला घरात इतर पालक आहेत. त्याची किंमत अंजुम मोजते. ती ते घर सोडून कब्रस्तानात राहायला जाते.

दुसरे मूल जंतरमंतरवर बेवारस सापडलेले, पुढे उदया जेबीन या नावाने वाढणारे. तेही अंजुमला हवे असते, पण तिलोत्तमा त्याला उचलून नेते आणि अखेर त्याच्यासह कब्रस्तानातील 'जन्नत गेस्ट हाउस'मध्ये येते. या वेळी मालकीचा दावा कोणी करीत नाही. जन्मदात्या स्त्रीचे पत्र सर्वांसमक्ष वाचले जाते, तिचा शोक केला जातो आणि या मुलीला तीन माता आहेत हे घर शांतपणे स्वीकारते. ख्वाबगाहात 'मम्मी' एकच असू शकत होती, म्हणून ते घर फुटले. जन्नतमध्ये आईपण वाटून घेता येते, म्हणून ते टिकते. कादंबरीच्या अखेरच्या पानांत अंजुम रात्री या मुलीला शहरात फिरवायला नेते आणि वाटेत तिला लघवीला बसवते. दंगली, लष्कर, कारस्थाने यांनी भरलेल्या एवढ्या मोठ्या कादंबरीने शेवटाकडे इतक्या घरगुती कृतीशी येऊन थांबावे, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

४

आईपण म्हणजे काम, हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. वारकऱ्यांनी ज्ञानेश्वरांना 'माउली' म्हटले आणि विठ्ठलाला 'विठाई'. पुरुषाला किंवा पुरुषदेवाला आई म्हणण्याच्या या रीतीचा दाखला क्वीअर अभ्यासात हल्ली सहज दिला जातो. परंतु उपमेतील माउलीला पोराचे केस विंचरावे लागत नाहीत. केवळ संबोधनावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. जनाबाईच्या अभंगांची गोष्ट निराळी आहे. तेथील विठ्ठल जनीबरोबर दळतो, केर भरतो, तिच्या डोक्यातल्या उवा काढतो. दासीच्या वाट्याला कोणी न केलेली शुश्रूषा देव स्वतःच्या हाताने करतो, म्हणून तो 'विठाबाई'. येथे हाकेला कामाचे तारण आहे. अंजुमच्या हाती कात्री येते आणि जनीच्या विठ्ठलाच्या हाती फणी. आईपणाच्या दोन टोकांमधले अंतर यापेक्षा नेमके सांगता येणार नाही.

याच संदर्भात ऑड्री लॉर्ड यांचा 'मॅन चाइल्ड' हा १९७९ सालचा निबंध आठवतो. कृष्णवर्णीय लेस्बियन कवयित्री असलेल्या लॉर्ड न्यूयॉर्कमध्ये आपल्या जोडीदारीण फ्रान्सिससह मुलगी आणि मुलगा वाढवीत होत्या. इतर मुलांचा मार खाऊन मुलगा रडत घरी येतो तेव्हा 'रडत येऊ नकोस' हे शब्द आपल्याही ओठांवर आले होते, असे त्या प्रांजळपणे लिहितात. आपण दुबळेपणाचा तोच तिरस्कार त्याला शिकवायला निघालो होतो हे उमगून त्या थांबतात आणि त्याला स्वतःच्या लहानपणीच्या भीतीविषयी सांगतात. दहा वर्षांवरील मुलग्यांना प्रवेश नाकारणाऱ्या लेस्बियन-स्त्रीवादी परिषदेचा उल्लेखही त्यांनी केला आहे. अंजुम आणि लॉर्ड यांची तुलना उद्बोधक आहे. दोघींचे मूल बाहेरच्या हिंसेच्या तोंडी आहे. एक भीतीपोटी मुलाला बदलू पाहते. दुसरी स्वतःची भीती मुलापुढे उघड करते. क्वीअर घर आपोआप मुक्त असते, हा भाबडा समज दोन्ही संहिता मोडून काढतात.

५

हे वाचन केवळ साहित्यापुरते राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली 'नालसा' निकालात तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली. पण त्यानंतर आलेल्या २०१९ च्या कायद्याने 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या रक्त, विवाह किंवा विधिवत दत्तक एवढ्यावरच आणून ठेवली. या व्याख्येत ख्वाबगाह बसत नाही, जन्नत तर नाहीच. कौटुंबिक नाती क्वीअरही असू शकतात असे निरीक्षण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये नोंदवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र त्याच न्यायालयाच्या बहुमताने अविवाहित जोडप्यांना एकत्र दत्तक घेण्यापासून वगळणारा नियम कायम ठेवला. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने विवाह हा कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नव्हे असे म्हणत 'निवडलेल्या कुटुंबा'ची संकल्पना स्वीकारली. न्यायालये अशी पुढेमागे होत असताना त्यांच्यासमोरचा खरा प्रश्न पुराव्याचा आहे : दाखला नसेल तर घर सिद्ध कसे करायचे?

गौरी सावंत यांचे उदाहरण येथे आठवावे. 'नालसा' खटल्यातील याचिकाकर्त्यांपैकी एक असलेल्या सावंत यांनी मुंबईत एका निराधार मुलीला वाढवले, आणि पुढे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी 'आजीचं घर' या नावाने काम हाती घेतले. प्रकल्पाच्या नावातच नाते आहे. त्यांच्या मातृत्वावर आधारित २०१७ सालच्या जाहिरातपटात मुलगीच बोलते. आईचा चेहरा मात्र शेवटाकडेच नीट दिसतो. हा धक्का परिणामकारक खरा, पण प्रेक्षकाच्या अविश्वासावरच तो उभा आहे. अखेरीस मुलगी म्हणते की, आईची इच्छा तिने डॉक्टर व्हावे अशी असली तरी ती वकील होणार, कारण आईला कायद्याने हक्क नाहीत. जैनबच्या शाळेच्या वहीतील खोटी नावे आणि या मुलीचे खरे बोलणे एकमेकांशेजारी ठेवून वाचावे, म्हणजे दोन्हींचा अर्थ गडद होतो.

तरीही एक उणीव उरते. जैनबची कहाणी अंजुमच्या बाजूने येते, लॉर्ड यांचा मुलगा आईच्या निबंधात येतो आणि जाहिरातपटातील मुलीची वाक्येही दुसऱ्याने रचलेली आहेत. मोठ्यांनी 'आपण आई आहोत' हे सिद्ध करण्याच्या घाईत मुलाचा स्वतःचा स्वर मागे पडतो. केस कापताना जैनबला काय वाटले, हे तिच्याच शब्दांत सांगणारी संहिता मराठीत यायची आहे. ती येईल तेव्हा तिच्यात गौरव असेल, तशी तक्रारही असेल, आणि ती तक्रार या घरांच्या विरोधातला पुरावा मानण्याची चूक समीक्षेने करू नये. आईविषयी तक्रार करण्याची मोकळीक मुलाला जिथे मिळते, ते घरच असते. 'वहिनी' म्हणून हाक मारणाऱ्या मुलांनीही आपल्या आईविषयी हेच तर लिहून ठेवले आहे.