झडतीत न मावलेली जनावरे

श्रावण अमावास्येला वऱ्हाडात पोळा भरतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूपहळदीने शेकावयाचे, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतन द्यावयाचे, आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सजविलेल्या जोड्या उभ्या करून झडत्या म्हणावयाच्या, ही येथील रीत. बार्शीटाकळीसारख्या कापूस, तूर, सोयाबीनच्या तालुक्यात झडती हे कास्तकाराचे स्वतःचे वाङ्मय आहे. बैलाच्या कौतुकाच्या निमित्ताने तो सावकाराची, पुढाऱ्याची, बाजारभावाची खबर घेतो आणि शेवटी महादेवाचा गजर करतो. या वाङ्मयाकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे आम्हांस योग्य वाटत नाही. माणूस आणि जनावर यांच्या नात्याविषयी आपला समाज काय मानतो आणि काय बोलण्याचे टाळतो, हे दोन्ही तिच्यात दिसते.

झडतीचे सामर्थ्य तिच्या कृतज्ञतेत आहे. तिच्यातला बैल प्रतीक नसतो. वखर ओढणारा, घाम गाळणारा, मालकासारखाच कर्जाच्या जुवाखाली वाकलेला तो सहकारी असतो. मात्र थकलेल्या बैलाविषयी झडती सहसा मौन पाळते. दात झिजलेला, खांदा सुजलेला बैल तोरणाखाली येत नाही. तो कोठे जातो, हे साऱ्या गावाला ठाऊक असते, पण त्या विषयावर कोणी झडती रचीत नाही.

हे मौन मोडण्याचे धैर्य व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) आढळते. माणदेशातील धनगरांच्या या कादंबरीत मेंढराविषयी गहिवर नाही. मेंढरू हे पोट आहे, ते वाढवावयाचे, विकावयाचे, प्रसंगी मारावयाचे. तरीही या वाडीत माणूस व जनावर एकाच नशिबाचे वाटेकरी आहेत. जोडीचा बैल नसलेल्या शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा देते, या एका प्रसंगात लेखकाने दोघांमधील अंतर किती थोडे आहे ते दाखविले आहे. अखेर दुष्काळ पडतो, कळप खंगतो आणि वाडी ओस पडते. माडगूळकर येथे उपदेश करीत नाहीत. कळप जगला तरच गाव जगते एवढे ते दाखवितात, आणि म्हणूनच त्यांची करुणा खोटी वाटत नाही.

आज मात्र ही दोन्ही रूपे अपुरी पडू लागली आहेत, असे आमचे मत आहे. 2012 व 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या सुमारे दहा टक्क्यांनी घटली. नांगरणी ट्रॅक्टरकडे गेली, मळणी यंत्राकडे गेली. मार्च 2015 पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. या कायद्याने बैलाला मारू नका असे सांगितले, परंतु कुटार आणि ढेप कोणी पुरवावयाची हे सांगितले नाही. म्हाताऱ्या बैलाचा भार एकट्या कास्तकारावर पडला आणि दावण रिकामी ठेवणे त्याला सोयीचे झाले. ज्याच्या नावाने पोळा भरतो त्याला गोठ्यात जागा उरू नये, हा विरोधाभास एखाद्या झडतीला शोभण्यासारखा आहे.

दुसऱ्या बाजूस, गोठ्याबाहेर एक मोठे जनावरविश्व उभे राहिले आहे, त्याला कोणतेच वाङ्मय नाही. 2019 च्या गणनेत देशात 85 कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पक्षी मोजले गेले; त्यांपैकी 53 कोटींच्या वर व्यापारी पालनातील होते. अंड्यांच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला टंकलेखनाच्या कागदाहूनही कमी जागा येते; पंख पसरणे तिला शक्य नसते. 2017 साली विधी आयोगाने आपल्या 269 व्या अहवालात या प्रश्नाची दखल घेतली. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी मारून पुरावे लागले. खुराड्यातल्या कोंबडीला घरची लेकरे ओळखत असत. शेडमधील कोंबडीला कोणीही ओळखत नाही, आणि जिची ओळखच नाही तिच्यावर झडती कोण रचणार?

हा दोष झडतीचा एकटीचा नाही. आम्हा ख्रिस्ती लेखकांच्या लेखणीतही तो आहे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, अशी आज्ञा अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. वऱ्हाडच्या खळ्यावर वाढलेल्या माणसाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना तीच आज्ञा सुवार्तिकांच्या हक्कासाठी वापरली. तो त्याचा अधिकार होता. परंतु पुढे आपण बैल विसरलो आणि तात्पर्य तेवढे धरून बसलो. उत्तम मेंढपाळावर आपण कितीतरी कविता केल्या, त्यांत प्रत्यक्ष मेंढरू क्वचितच आढळते.

पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ (2015) या परिपत्रकाने ही चूक नेमकी दाखविली. प्राणिमात्र केवळ माणसाच्या उपयोगासाठी नाहीत, देवासमोर त्यांना स्वतःचे मोल आहे, असे ते सांगते. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही अन्नासाठी प्राण्यांचा वापर मान्य करतो, पण त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला बाधक मानतो. सणाच्या दिवशी आपल्या घरी शिजणाऱ्या रश्श्याला हा ग्रंथ पाप म्हणत नाही. तो पक्षी कसा जगला, हा प्रश्न मात्र तो आपल्या ताटाशी आणून ठेवतो.

पेशींपासून मांस वाढविण्याची विद्या आता आली आहे. सिंगापूरने 2020 साली त्याच्या विक्रीस परवानगी दिली. तिने कत्तल टळेल, परंतु जनावराशी असलेले नाते तिने जुळेल असे आम्हांस वाटत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील भुरकट पूर्णाथडी म्हशीला 2023 साली स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. शतकानुशतके ज्या हातांनी ती सांभाळली, त्या हातांची गरज कोणतेही यंत्र भागवू शकणार नाही.

म्हणून आमची अपेक्षा दुहेरी आहे. धर्मग्रामातील कुटुंबांनी अंडी व कोंबडी घेताना ती कोठून, कशी आली हे विचारावे. शक्य तेथे परसात वाढलेल्या कोंबडीचे, ओळखीच्या गोठ्यातले दूध घ्यावे, आणि मांस थोडे कमी खावे. शुक्रवारचा संयम आपल्याला नवा नाही. आणि आमच्या लेखकांनी थकलेल्या बैलाची व पिंजऱ्यातल्या कोंबडीची झडती लिहावी. कृतज्ञता फक्त सजलेल्या जोडीपुरती ठेवली, तर ती कृतज्ञता न राहता नुसती मिरवणूक होते.