आक्रमकता, लिंगभाव आणि मोजमाप : जॅकलिन व्हाइट यांच्या संशोधनाची चिकित्सा

पुरुष स्वभावतः आक्रमक आणि स्त्री स्वभावतः सौम्य, हे गृहीतक मानसशास्त्रात दीर्घकाळ सिद्ध निष्कर्षासारखे वावरत आले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो येथील सामाजिक मानसशास्त्रज्ञ जॅकलिन व्हाइट यांच्या संशोधनाने या गृहीतकाचीच झाडाझडती घेतली. स्त्री-पुरुषांच्या आक्रमकतेत फरक किती, हे विचारण्याआधी तो फरक कशाने मोजला हे विचारले पाहिजे, असा त्यांचा आग्रह दिसतो. या आग्रहाचे बळ व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रॉबिन कोवाल्स्की यांच्यासह १९९४ मध्ये लिहिलेल्या लेखात व्हाइट यांनी 'अनाक्रमक स्त्री' ही एक मिथ्यकल्पना असल्याचे प्रतिपादन केले. ही कल्पना वरकरणी स्त्रीचा गौरव करते. प्रत्यक्षात ती पुरुषी वर्चस्वाच्या सोयीची आहे. स्त्रीने हात उचलला तर तो अपवाद किंवा विकृती ठरते, आणि तिचा क्रोध कोणी गांभीर्याने घेत नाही. याच वर्षी जेनिफर लाइटडेल आणि डेबोरा प्रेंटिस यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी व्यक्तींना व्हिडिओ खेळात प्रतिपक्षावर बॉम्ब टाकावयाचे होते. आपली ओळख कोणाला कळणार नाही अशी परिस्थिती निर्माण केल्यावर स्त्री-पुरुषांतील नेहमीचा फरक नाहीसा झाला. व्हाइट यांच्या भूमिकेला याहून बोलका आधार शोधावा लागू नये.

परंतु पुढे वेगळाच पेच उभा राहिला. २००० मध्ये जॉन आर्चर यांनी ८२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून जोडीदाराविरुद्ध शारीरिक आक्रमकतेचा अवलंब करण्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा किंचित पुढे असल्याचे दाखविले. जखमी झालेल्यांत मात्र ६२ टक्के स्त्रिया होत्या. यावर व्हाइट यांनी स्मिथ, कॉस आणि फिगरेडो यांच्यासह हरकत घेतली. आर्चर यांनी वापरलेल्या बहुतेक अभ्यासांचा आधार असलेली 'कॉन्फ्लिक्ट टॅक्टिक्स स्केल' ही मापिका कृती मोजते, संदर्भ मोजत नाही. लैंगिक हिंसा तिच्या मूळ रूपात येतच नाही. बचावासाठी दिलेला धक्का आणि धाक बसविण्यासाठी दिलेला धक्का तिच्या लेखी एकच.

स्त्रीही आक्रमक असते असे १९९४ मध्ये सांगणाऱ्या विदुषीने, ती आकड्यांत दिसताच मापिकेवर बोट ठेवावे, हा विसंवाद नव्हे काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. मात्र बारकाईने पाहता तो टिकत नाही. स्त्रीची आक्रमकता नाकारणे आणि ती पुरुषाच्या आक्रमकतेइतकीच मानणे, या दोन्ही भूमिका परिस्थितीला वजा करूनच उभ्या राहतात. व्हाइट यांचा विरोध त्या वजाबाकीला आहे. तथापि मापिका गैरसोयीचे उत्तर देते तेव्हाच तिची उलटतपासणी अधिक कठोर होते, ही सामाजिक शास्त्रांतील जुनी सवय येथेही थोडीफार जाणवते, हे नोंदविणे भाग आहे.

त्यांच्या कार्याचा सर्वांत भरीव भाग दीर्घकालीन अभ्यासांचा होय. पेज हॉल स्मिथ व लिंडसे हॉलंड यांच्यासह २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,५६९ विद्यार्थिनींकडून महाविद्यालयीन चार वर्षांत पाच वेळा माहिती घेण्यात आली. पौगंडावस्थेत मारहाण सोसलेल्या मुलींना पहिल्याच वर्षी पुन्हा ती सोसावी लागण्याचा धोका जवळजवळ तिप्पट आढळला. बालपणातील अत्याचारापेक्षा पौगंडावस्थेतील अत्याचार पुढील धोक्याचा अधिक चांगला निदर्शक ठरला. ज्या वर्षी शारीरिक हिंसा, त्याच वर्षी लैंगिक हिंसेचाही संभव अधिक. म्हणजे दोन्हींचा वेगवेगळा अभ्यास करण्याची परंपराच शंकास्पद ठरते. २००४ मध्ये स्मिथ यांच्यासह केलेल्या पुरुषांच्या अभ्यासातही बोट त्याच वयाकडे वळते. बालपणी मार वा अत्याचार सोसलेल्या मुलांकडून शालेय वयात लैंगिक आक्रमण होण्याचा धोका अधिक होता. पण शालेय वयातील कृत्ये हिशेबात धरल्यावर महाविद्यालयीन काळासाठी बालपणाचा वेगळा प्रभाव उरला नाही. 'बालपणीच बिघडला' हे आपले आवडते स्पष्टीकरण येथे अपुरे पडते.

मर्यादाही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. नमुना एका विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा आहे (मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला सर्वांत सहज मिळणारा नमुना म्हणजे आपलेच विद्यार्थी!), त्यामुळे शिक्षण सुटलेली मुलगी त्यात येत नाही. पुरुषांची आक्रमकता त्यांच्याच कबुलीवरून मोजलेली आहे. समाज-संस्कृतीपासून व्यक्तीच्या अंतर्मनापर्यंत सर्व स्तर सामावून घेणारे त्यांचे प्रारूप तर इतके व्यापक आहे, की कोणता पुरावा त्याला खोटे ठरवील, हे सांगणे कठीण जाते.

मापिकेचा वाद आपल्याला परका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ मधील तिसऱ्या फेरीपासून घरगुती हिंसेचे प्रश्न याच मापिकेच्या सुधारित रूपावर आधारलेले आहेत. त्यांत लैंगिक हिंसा व इजा यांचा समावेश आहे, ही जमेची बाजू. परंतु त्या प्रश्नावलीचा मुख्य भर पतीकडून होणाऱ्या हिंसेवर आहे. व्हाइट यांच्या अभ्यासांत निर्णायक ठरलेले विवाहापूर्वीचे वय तिच्यात ओझरतेच येते.