हिरवा ठिपका आणि पाच अतिचार

डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने बिदर, कलबुर्गी, यादगीरसह सात जिल्ह्यांतल्या शाळांत दुपारच्या जेवणात उकडलेलं अंडं द्यायला सुरुवात केली. जो अंडं खात नाही त्याला केळी. या भागातल्या मुलांत कुपोषण आणि रक्तक्षय जास्त, हे कारण. काही लिंगायत स्वामींनी आणि शाकाहारी संघटनांनी विरोध केला. गरिबाच्या लेकराच्या तोंडचा घास काढू नका, असं दुसऱ्या बाजूने सुनावण्यात आलं. आमच्या कोहिनूरकडेही बायकाबायकांत हाच विषय होता.

सगळा वाद ताटाचा झाला. ज्या कोंबडीचं ते अंडं, तिच्याबद्दल विरोध करणारेही फारसे बोलले नाहीत आणि बाजू घेणारेही नाहीत. माझी तक्रार इथेच आहे.

पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की आपण निर्धास्त होतो. पण तो ठिपका वस्तू कशाची बनली एवढंच सांगतो. ज्या जिवाकडून ती आली, तो कसा जगला, हे तो सांगत नाही. दुधाच्या पिशवीवरही तोच ठिपका असतो ना!

मैत्रिणींनो, तत्त्वार्थसूत्र आपण पाठशाळेत घोकलंय. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जखडून ठेवणं, मारझोड करणं, अवयव कापणं, पेलणार नाही इतकं लादणं आणि चारापाणी तोडणं. आपल्या ताटात काय असावं, हे या यादीत नाहीच. हाताखालच्या जिवाला कसं वागवता, एवढंच विचारलंय. इंग्लंडमध्ये रूथ हॅरिसन या बाईंनी १९६४ साली कारखानी पशुपालनावर पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारी समितीने सांगितलं, की जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. आपला 'बंध' अतिचार याहून वेगळं काय सांगतो?

आता ही यादी घेऊन कोंबड्यांच्या पिंजऱ्यापाशी उभं राहा. वहीच्या एका पानाएवढी जागा, पंख पसरायची सोय नाही, चोचीचं टोक छाटलेलं. बंधही आला, छेदही आला. आपल्या विधी आयोगाने २०१७ साली यावर वेगळा अहवाल दिला होता. पण अंडं आपण खात नाही, म्हणून ती चर्चा आपल्या घरात आलीच नाही.

बरं, दूध तर आपण घेतो! आपल्या सीमाभागाची देवणी म्हणजे गाय दुधाला आणि गोऱ्हा औताला. ट्रॅक्टर आला आणि गोऱ्ह्याचं काम गेलं. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमध्ये देशातल्या गायी-कालवडी सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्या आणि बैल-गोऱ्हे सुमारे ३० टक्क्यांनी घटले. काय हो, गायींना नुसत्या कालवडीच होतात का? उरलेले गोऱ्हे गेले कुठे? कर्नाटकच्या २०२० च्या कायद्याने गोवंशाची कत्तल बंद केली. पण वासराच्या वाटचं दूध आणि म्हाताऱ्या बैलाचा चारा, याचा हिशोब शेतकऱ्याच्याच डोक्यावर राहिला. तो निर्दय नाही. त्याला परवडत नाही.

आणि आपण? पर्युषणात पांजरपोळाला देताना आपला हात सैल असतो, पण लिटरमागे दोन रुपये वाढले की कुरकुर सुरू. सोडून दिलेल्या जनावराला जीवदान द्यायचं आणि ते सोडावं लागू नये म्हणून जादा पैसा मात्र मोजायचा नाही, हा कुठला हिशोब?

दूध सोडा, असं मी म्हणत नाही. कुणाला सोडावंसं वाटलं तर त्यांनी जरूर सोडावं. पण घेणारणीने गवळ्याला एवढं तरी विचारावं : वासराला किती थान सोडता? गोऱ्ह्याचं काय करता? दावं किती लांब आहे? आणि चांगलं उत्तर देणाऱ्याला दोन रुपये जास्त द्यावेत. अणुव्रत हे गृहस्थाचंच व्रत आहे, आणि घरात दूध कुणाकडून घ्यायचं हे बहुतेक वेळा आपणच ठरवतो.